दोष हाताचा नव्हता, नंबराचा होता!
क्रोशाची सुई निवडताना घ्यावयाची काळजी

रविवारी दुपारी आमच्या वस्तीतल्या विहारात महिला मंडळाचा क्रोशाचा वर्ग भरतो. बारा जणी येतात. कुणी चार घरची धुणीभांडी आटोपून, कुणी भाजीची पाटी रिकामी करून, तर कुणी रात्रपाळी करून आलेल्या नवऱ्याला झोप मिळावी म्हणून पोरांना सोबत घेऊन. आम्ही पेशाने कारकून, शिक्षण बी.कॉम. विणकामाशी आमचा संबंध एवढाच की मंडळाची जमाखर्चाची वही आमच्याकडे असते. तरीही क्रोशाच्या सुईवर लेख लिहिण्याचे धाडस आम्ही करीत आहोत. कारण या सुईच्या नंबराने आमच्याच हातून एका माउलीवर अन्याय घडवला, आणि तो अन्याय दुसऱ्या कोणत्याही वस्तीत घडू नये अशी आमची इच्छा आहे.

मंडळाला एका व्यापाऱ्याकडून ६० गोल रुमालांचे काम मिळाले होते. पांढरा २० नंबरचा दोरा, रुमालाची रुंदी मधोमध १५ सेंटीमीटर. नमुना एका अमेरिकन पुस्तकाच्या झेरॉक्सवरून घेतलेला. त्यावरून आम्हीच फळ्यावर ठळक अक्षरांत लिहिले, "दोरा नंबर २०, सुई नंबर ८." अकरा जणींसाठी ८ चा छाप असलेल्या सुया एकाच दुकानातून आणल्या. बाराव्या होत्या एक वयस्क मावशी. त्या म्हणाल्या, "भाऊ, माझ्यापाशी आठ नंबरचीच सुई आहे. कशाला मंडळाचे पैसे घालवता?" आम्ही सुई हातात घेतली, दांड्यावरचा ८ चा आकडा पाहिला आणि मान डोलावली.

पंधरा दिवसांनी माल जमा झाला. व्यापाऱ्याने पट्टी लावली आणि ६० पैकी १४ रुमाल बाजूला काढले. त्यात मावशींचे पाचच्या पाच होते. ते इतरांपेक्षा चांगले दोन बोटे लहान आणि पुठ्ठ्यासारखे कडक होते. बायकांत कुजबुज सुरू झाली. "मावशींचा हात बसलेला नाही." "डोळे गेले त्यांचे, दोरा फाटलेला दिसतोय बघा जागोजागी." मावशी काही बोलल्या नाहीत. पुढच्या रविवारी त्या आल्या नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही.

वर्गातल्या एका बाईंचा मुलगा कारखान्यात टर्नर आहे. आईची सुई आणि मावशींची सुई शेजारी ठेवलेली त्याने पाहिली आणि सहज म्हणाला, "या दोन सुया एका मापाच्या कुठे आहेत?" दुसऱ्या दिवशी त्याने कॅलिपर आणला. दुकानातून आणलेली ८ नंबरची सुई भरली दीड मिलिमीटर. मावशींची ८ नंबरची सुई भरली ०.९ मिलिमीटर! दोन्हींवर आकडा एकच, पण जाडी जवळजवळ निम्म्यावर आलेली. मावशी ज्या घरी काम करीत, त्या घरच्या बाईंनी जागा सोडताना ती सुई त्यांना दिली होती आणि ती होती जपानी बनावटीची.

एकच नंबर, मापे वेगळी

भगिनींनो, इथेच सगळी गोम आहे. पोलादी सुईवरचा नंबर हे माप नव्हे, ते नुसते नाव आहे. अमेरिकन पद्धतीत ८ नंबर म्हणजे १.५ मिलिमीटर. जपानी पद्धतीत तोच ८ म्हणजे ०.९ मिलिमीटर. अमेरिकन १० नंबर १.३ मिलिमीटरचा, तर जपानी १० नंबर ०.७५ चा. जपानी सुयांत १.५ मिलिमीटर पाहिजे असेल तर २ नंबर मागावा लागतो. इंग्लंडच्या जुन्या सुयांचे नंबर आणखी वेगळे.

यात आणखी एक फसगत आहे. लोकरीसाठी ज्या जाड सुया मिळतात, त्यांच्यावर अमेरिकन पद्धतीची इंग्रजी अक्षरे असतात आणि अक्षर पुढचे तशी सुई जाड होते. दोऱ्याच्या पोलादी सुयांचे मात्र उलट आहे. नंबर वाढला की सुई बारीक. अमेरिकन १ नंबर २.७५ मिलिमीटरचा, तर १४ नंबर ०.७५ चा. म्हणून नवीन शिकणारी मुलगी "मोठा नंबर द्या" म्हणते आणि घरी बारीक सुई घेऊन येते.

तेव्हा पहिला नियम असा की दुकानात नंबर सांगू नये, मिलिमीटर सांगावेत. "दीडची सुई द्या, सव्वाची सुई द्या" असे बोलायची सवय लावावी. पुष्कळ सुयांच्या दांड्यावर मिलिमीटर कोरलेले असतात. नसतील तर माप घेतल्याशिवाय ती सुई मंडळाच्या कामाला वापरू नये.

माप कुठे घ्यायचे?

सुईच्या टोकाला आकडी असते, जिच्यात दोरा अडकतो. तिच्या खाली दोरा धरणारी बारीक मान असते. त्यानंतर थोडा सरळ गोल भाग येतो आणि मग अंगठा टेकायची चपटी जागा. सुईचे माप म्हणजे त्या सरळ गोल भागाची जाडी. आकडीची नव्हे, आणि दांड्याचीही नव्हे. टाक्याचा फास याच सरळ भागावर बसतो, म्हणून टाका तेवढाच मोठा होतो.

पोलादी सुई या सरळ भागानंतर जाड होत जाते. पुष्कळ जणी फास ओढून थेट अंगठ्याच्या जागेपर्यंत नेतात. तिथे जाडी अधिक असल्याने टाका मोठा पडतो. एक टाका सरळ भागावर आणि एक टाका जाड भागावर असे झाले की काम वरखाली दिसते. सुई बरोबर असूनही रुमाल बिघडतो तो असा.

घरी कॅलिपर नसतो. अशा वेळी माप माहीत असलेली एक सुई घ्यावी आणि जाड पुठ्ठ्याला तिच्या सरळ भागाइतके घट्ट भोक पाडावे. मग दुसरी सुई त्यातून घालून पाहावी. ढिली गेली तर ती बारीक, अडकली तर जाड. नाहीतर वस्तीतला एखादा टर्नर, फिटर गाठावा. आपल्या घराघरांत अशी कसबी माणसे आहेत, त्यांच्या कसबाचा उपयोग करून घ्यावा.

दोऱ्याचा नंबर: गिरणीतली ओळख

सुईआधी दोरा ओळखला पाहिजे. गुंड्यावर १०, २०, ४०, ६०, ८० असे आकडे असतात. आकडा वाढला की दोरा बारीक. हे उलटे का, असे मुली विचारतात. मुंबईच्या गिरण्यांत राबलेल्या आपल्या वाडवडिलांना हे सांगावे लागले नसते. सुताचा नंबर काढण्याची तिथली रीत अशी: ८४० वारांची एक लड. एका पौंडात अशा किती लडी बसतात, तो सुताचा नंबर. २० नंबरच्या सुताचे पौंडात १६,८०० वार, तर ४० नंबरचे ३३,६०० वार. तेवढ्याच वजनात अधिक लांबी, म्हणजे सूत बारीक. क्रोशाचा दोरा अनेक पदरांना पीळ देऊन केलेला असतो, म्हणून गुंड्यावरचा नंबर हुबेहूब त्या हिशेबाने लावता येत नाही. पण दिशा तीच.

आणि हे सूत काढणारे हात आपलेच होते. गिरणीतल्या रिंग खात्यात आपली माणसे होती. अधिक पगाराच्या विणाई खात्याचे दार मात्र बंद होते. का? तर धोट्यातला तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागे आणि अस्पृश्याच्या तोंडचा धागा स्पृश्य विणकरांना चालत नसे. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढे आणून सर्व खाती आपल्या कामगारांना खुली करण्याची मागणी केली. आज आपली लेक-सून हाती सुई घेऊन दोरा विणते, तेव्हा त्या दोऱ्याचा नंबर तिला ठाऊक असणे हा तिचा वारसाच म्हणायचा.

कोणत्या दोऱ्याला कोणती सुई?

खालची यादी वहीत उतरवून घ्यावी. मापे मिलिमीटरमध्ये आहेत.

दोरा नंबर १० : सुई १.५ ते १.७५
दोरा नंबर २० : सुई १.२५ ते १.५
दोरा नंबर ४० : सुई १ ते १.२५
दोरा नंबर ६० : सुई ०.७५ ते १
दोरा नंबर ८० : सुई ०.६ ते ०.७५

यादी म्हणजे कायदा नव्हे, सुरुवात करायची जागा आहे. सुई बरोबर आहे की नाही हे शेवटी दोराच सांगतो. दोरा मानेत नीट बसला पाहिजे. आकडीतून तो सुटत असेल किंवा त्याचे पदर फाटत असतील तर सुई बारीक आहे. टोक फार अणकुचीदार असले तरी पदर फाटतात. मावशींचा २० नंबरचा दोरा ०.९ च्या सुईवर फाटत होता तो यामुळे, डोळ्यांमुळे नव्हे. उलट टाक्यांत नको तेवढी भोके दिसत असतील आणि काम लुळे पडत असेल तर सुई जाड आहे. काम पुठ्ठ्यासारखे कडक होत असेल, पुढच्या ओळीत सुई घालायला जोर लागत असेल आणि बोटे दुखत असतील, तर सुई बारीक आहे.

एक गोष्ट मात्र सुईच्या माथी मारू नये. गोल रुमालाच्या कडेला झालर पडू लागली किंवा तो वाटीसारखा वळू लागला, की बायका सुई बदलतात. आधी टाके मोजावेत. झालर पडते ती बहुधा फेरीत टाके जास्त झाल्याने, आणि वाटी होते ती टाके कमी पडल्याने. सुईने रुमालाचा आकार लहानमोठा होतो, पण चुकलेली मोजणी सुईने सुधारत नाही.

हात सैल, हात घट्ट

आता बाकीच्या नऊ रुमालांकडे वळू. ते दुकानातल्या दीडच्या सुयांनीच विणलेले होते, तरी मापात नव्हते. सुई तीच, दोरा तोच, मग फरक कसला? फरक हाताचा. एकीचा हात सैल, दुसरीचा घट्ट. हा दोष नव्हे. जशी प्रत्येकीची सही वेगळी, तसा हातही वेगळा. सैल हात असलेल्या भगिनीला "घट्ट विण, घट्ट विण" म्हणून टोकले तर चार टाके ती घट्ट विणेल आणि पाचव्याला पुन्हा आपल्या हातावर येईल. तिला पाव मिलिमीटरने बारीक सुई द्यावी. घट्ट हात असलेलीला पाव मिलिमीटरने जाड. काम आपोआप एका मापात येते.

म्हणजे सगळ्यांच्या हाती एकसारखी सुई देणे हा उपाय नव्हे. सगळ्यांचे रुमाल एकसारखे यावेत, सुई ज्या त्या हाताला शोभेल ती असावी.

हे ठरवायचे कसे? आधी छोटा नमुना विणून. ३० साखळ्या घालाव्यात, त्यावर खांबांच्या दहा ओळी विणाव्यात. नमुना पाण्यात भिजवून, हाताने सारखा करून, टाचण्या लावून वाळवावा. मग मधल्या भागावर पट्टी ठेवून ५ सेंटीमीटरमध्ये किती खांब आणि किती ओळी बसतात ते मोजावे. कडेपासून मोजू नये, कडेचे टाके वेडेवाकडे असतात. पाहिजे त्यापेक्षा खांब जास्त भरले तर जाड सुई घ्यावी, कमी भरले तर बारीक. गोल रुमाल असेल तर त्याच्या पहिल्या चार फेऱ्या विणून रुंदी पाहावी आणि मंडळातल्या सगळ्यांची चौथी फेरी एका मापाची आली, की मगच पाचवी सुरू करावी.

वस्तू पाहून सुई

दोरा तोच असला तरी वस्तू बदलली की सुई थोडी बदलते. पैशांची पिशवी किंवा पर्स विणायची असेल तर वीण दाट हवी, म्हणून यादीतली बारीक बाजू धरावी. बाळाचे टोपडे मऊ हवे, तिथे जाड बाजू धरावी. हातरुमालाच्या कडेला ४० किंवा ६० नंबरचा दोरा आणि त्याला साजेशी सुई घ्यावी. जाड दोऱ्याने पातळ कापडाची कड ओढली जाते. दाराचे तोरण लोंबते, त्याच्या वजनाने वीण खाली खेचली जाते. म्हणून ते फार सैल विणू नये. तथागत आणि बाबासाहेब यांच्या प्रतिमेखालच्या मेजावर आपण पांढरे आच्छादन घालतो. ते वारंवार धुतले जाते. त्यासाठी २० नंबरचा दोरा आणि सव्वा ते दीडची सुई चांगली. वीण उठून दिसते आणि कापड टिकते.

खरेदी आणि निगा

दोऱ्याच्या कामाला पोलादीच सुई का? इतक्या बारीक मापात ॲल्युमिनियम वाकते, प्लास्टिक मोडते. विकत घेताना सुई गालावरून किंवा जुन्या नायलॉनच्या कापडावरून फिरवून पाहावी. आकडीला कोर असेल तर ती लगेच अडकते. अशी सुई दोरा फाडते. मुलामा उडालेली सुई पावसाळ्यात आणि हाताच्या घामाने गंजते, आणि पांढऱ्या दोऱ्यावर पडलेला गंजाचा डाग सहजी जात नाही. काम झाले की सुई कोरड्या फडक्याने पुसून डबीत ठेवावी. उघडी सुई पोरांच्या हाती लागू देऊ नये.

बारीक दांडा तासभर धरला की अंगठा बधिर होतो. दांड्यावर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी किंवा सुती चिंधी गुंडाळून धाग्याने बांधावी, पकड जाड होते. पांढरा दोरा विणताना मांडीवर गडद रंगाचे फडके घ्यावे, टाके स्पष्ट दिसतात. चाळिशी उलटलेल्या भगिनींनी ६० आणि ८० नंबरच्या दोऱ्याचे काम रात्री दिव्याखाली करूच नये, आणि चष्म्याची लाज तर मुळीच बाळगू नये.

हिशेब मांडला पाहिजे

आता आमच्या वहीचे सांगतो. एका रुमालाला सरासरी ३ तास लागत होते. नाकारलेले रुमाल १४. म्हणजे ४२ तासांची मेहनत पाण्यात गेली. नमुना विणून पाहायला प्रत्येकीला फार तर अर्धा तास लागला असता. बारा जणींचे मिळून ६ तास. सहा तास वाचवायला गेलो आणि बेचाळीस घालवले. हा हिशेब आम्हाला शाळा-कॉलेजात कुणी शिकवला नव्हता, कारण बाईच्या घरच्या तासांना वहीत रकानाच नसतो.

हा रकाना नसल्याने काय होते, हे आंध्र प्रदेशातल्या नरसापूरने दाखवले आहे. तिथल्या बायका पिढ्यान् पिढ्या क्रोशाची लेस विणत आल्या आणि तो माल परदेशी जात राहिला. मारिया मीज या जर्मन विदुषीने त्यांच्या जीवनावर लिहिलेले पुस्तक १९८२ साली प्रसिद्ध झाले. जगाच्या बाजारासाठी राबणाऱ्या या स्त्रियांना कामगार न समजता "घरी बसलेल्या गृहिणी" समजले जाते, त्यांचे काम फावल्या वेळचे मानले जाते आणि म्हणूनच मजुरी नगण्य राहते, हे तिने दाखवून दिले. आपल्या वस्तीतही "घरी बसून सुई चालवते, त्यात काय!" असे म्हणणारे पुरुष आहेत. त्यांना हे वाचून दाखवावे. ज्या दिवशी आपल्या बायका सुईचे माप, दोऱ्याची लांबी आणि कामाचे तास वहीत मांडू लागतील, त्या दिवशी व्यापाऱ्याशी दराची बोलणी करताना त्यांचा आवाज दबणार नाही.

मावशी परत आल्या

त्या टर्नर मुलाने सुया मोजल्या त्याच संध्याकाळी आम्ही मावशींच्या घरी गेलो. दोन्ही सुया त्यांच्यापुढे ठेवल्या आणि सांगितले, "मावशी, चूक तुमच्या हाताची नाही, आमची आहे. आम्ही आकडा वाचला, सुई पाहिली नाही."

त्या बराच वेळ सुया बोटांनी चाचपत राहिल्या. मग म्हणाल्या, "भाऊ, मला वाटलं होतं, आता आपल्याच्यानं काही होत नाही. डोळे गेले, हात गेले. सुनेला तसं सांगूनबी टाकलं होतं."

पुढच्या रविवारी मावशी आल्या. दीडच्या सुईने त्यांनी रुमाल विणला. तो भरला १५ सेंटीमीटरला थोडा जास्त, कारण ०.९ च्या सुईमुळे घट्ट वाटणारा त्यांचा हात मुळात सैल निघाला. सव्वाची सुई दिली आणि रुमाल पट्टीला बरोबर उतरला. सगळ्या वर्गासमोर आम्ही आमची चूक कबूल केली. ज्यांनी कुजबुज केली होती त्यांनीही मावशींचे हात हाती घेतले.

आता विहारातल्या फळ्यावर सुईचा नंबर लिहिला जात नाही, मिलिमीटर लिहिले जातात. त्याखाली प्रत्येकीच्या नावापुढे तिच्या हाताला बसणारी सुई लिहिलेली असते. मावशींची ती ०.९ ची सुई फुकट गेली नाही. ६० नंबरच्या दोऱ्याने हातरुमालांच्या कडा विणायला ती छान चालते. ती सुई वाईट नव्हतीच, तिला चुकीच्या दोऱ्याला जुंपले होते.

भगिनींनो, तुमच्या मंडळात कुणाचे काम बिघडले, तर "तुझा हात बसलेला नाही" असे म्हणण्यापूर्वी तिची सुई मोजा. आणि कार्यकर्त्या बंधूंनो, फळ्यावर आकडा लिहिण्यापूर्वी तो पडताळून पाहा. आम्ही पाहिला नाही, आणि एका कष्टाळू माउलीने आपल्या हातांवरचा विश्वास जवळजवळ गमावला होता.